पंच्याण्णव किलो, कमी-जास्त

वीरेश सर अकरावीला त्रुटींचा धडा शिकवत होते. "जगातलं कुठलंही मोजमाप तंतोतंत खरं नसतं," एवढं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं, खडू झटकला आणि मागे वळून पाहिलं, तर वर्गाच्या दारात बंकट उभा.

"सर, अण्णांनी बोलावलंय."

"तास संपला की येतो."

"आत्ताच चला. वजन करायचंय."

"कुणाचं?"

"अण्णांचंच की!"

वर्ग खदखदून हसला. वीरेश सर हसले नाहीत. अण्णा म्हणजे मोहनराव, संस्थेचे अध्यक्ष. सरांची नोकरी कायम करायची फाईल चार वर्षांपासून त्यांच्या टेबलावर पडून होती. सरांनी डस्टर ठेवला आणि ते बंकटच्या मोटरसायकलवर मागे बसले.

बंकट हा अण्णांचा उजवा हात. अण्णांच्या सभा, अण्णांचे हार, अण्णांचे फ्लेक्स हे सगळं तोच बघायचा. वाटेत त्याने प्रकरण समजावून सांगितलं. अण्णांच्या एकसष्टीला कार्यकर्त्यांनी गूळतुला करायचं ठरवलं होतं. एका पारड्यात अण्णा, दुसऱ्यात गूळ. शिरूर कासार तालुक्यातल्या निम्म्या गावांना निमंत्रणं गेली होती.

"पण गूळ किती आणायचा, हे कळंना झालंय. मागल्या साली विरोधी गटाच्या आप्पारावांची तुला झाली, तर गूळ कमी पडला बगा. शेवटाला पारड्यात मिठाची पोती टाकली. लई इज्जत गेली. म्हणून अण्णा म्हणले, आपल्याकडं फिजिक्सचा माणूस हाय, त्यालाच जिम्मा द्या."

"आप्पारावांचं किती भरलं होतं?"

"सत्त्याण्णव," बंकटने मोटरसायकलचा वेग कमी केला. "आन् सर, त्याच्या खाली आपला आकडा चालायचा न्हाई. लोक अण्णांना वजनदार नेता म्हणतेत. आप्पारावापेक्षा हलका निघाला तर कसं होईल?"

अण्णांच्या घरी मात्र उलटी गंगा होती. अण्णांच्या पत्नी बायनाबाई, गाव त्यांना काकू म्हणायचं, ओसरीवर दुधीभोपळा चिरत बसल्या होत्या. अण्णांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. बीडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की वजन ब्याण्णवच्या खाली आलं तरच गुडघ्याचं बघू. तेव्हापासून दोन महिने अण्णांच्या ताटात एक भाकरी आणि दुधी एवढंच पडत होतं.

"सर, तुमी नीट मोजा," काकू म्हणाल्या. "हे मला रोज एकोणनव्वद सांगतेत. तोंडाकडं बघून वाटतंय का तुमाला?"

सरांनी अण्णांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

घरातला काटा न्हाणीच्या दाराशी होता. अण्णा त्यावर चढले, पोट आत घेतलं, श्वास रोखला. काटा एकोणनव्वदवर थांबला. अण्णा उतरले तेव्हा सरांनी वाकून पाहिलं. रिकाम्या काट्याची सुई शून्याच्या चांगली मागे होती.

"अण्णा, ह्याला शून्याची त्रुटी हाय. सुई मागं सरकलीय. कुणीतरी खालचं चाक फिरवलंय."

"हळू बोला बे, सर!" अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "सुई मागंच बरी हाय. तिला तिथंच राहू द्या."

"पण हे मोजमाप धरता येणार न्हाई. अचानक होणाऱ्या चुका सरासरी काढली की एकमेकींना खाऊन टाकतात. ही चूक दर वेळी एकाच बाजूला जाणार."

"तुमची फाईल कुठवर आलीय म्हणलात?"

सरांनी वहीत एकोणनव्वद लिहिलं.

एका काट्यावर काही ठरवता येत नाही, असं सांगून सरांनी अण्णांना गावभर हिंडवलं. दवाखान्यातल्या काट्यावर चौऱ्याण्णव भरले, कारण अण्णांचा एक हात नर्सच्या टेबलावर टेकलेला होता. आडतीवर धान्याच्या काट्यावर अठ्ठ्याण्णव भरले. भंगारवाल्याकडे भरले एकशे एक. तिथे बंकट काट्याच्या बाजूला उभा राहून तिरका बघत वाचत होता आणि आकडा मोठा निघाला म्हणून त्याने अण्णांशी हात मिळवला. किराणा दुकानातल्या नव्या काट्याने त्र्याण्णव दाखवलं आणि लगेच त्याची बॅटरी संपली.

संध्याकाळी ओसरीवर बसून सरांनी हिशोब केला. पाचही आकड्यांची सरासरी पंच्याण्णव. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढलं, त्यांचीही सरासरी घेतली. ती निघाली तीन पूर्णांक सहा.

"म्हणजे अण्णा, तुमचं वजन पंच्याण्णव किलो, कमी-जास्त तीन पूर्णांक सहा."

"कमी का जास्त? एक काय ते सांगा."

"दोन्ही. एक्क्याण्णव पूर्णांक चार ते अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा, ह्याच्या मधी कुठंतरी."

मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही तेज चढलं, की निवडणुकीच्या निकालादिवशीसुद्धा कुणी ते पाहिलं नव्हतं.

"मंजी एक्क्याण्णव म्हणलं तरी खोटं न्हाई?"

"तसं बघितलं तर..."

"आन् अठ्ठ्याण्णव म्हणलं तरी खोटं न्हाई?"

"अण्णा, त्याचा अर्थ असा न्हाई..."

पण अण्णा उठले होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून हाक दिली, "अगं, ऐकलं का! सरांनी शास्त्र लावून काढलं. एक्क्याण्णव पूर्णांक चार! ब्याण्णवच्या खाली!" आणि बंकटच्या कानाशी लागून म्हणाले, "फ्लेक्सवर अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा टाक. पूर्णांकासकट टाक, लोकाला खरं वाटतंय."

सर घरी गेले ते जड पायाने. आकडे त्यांनी खोटे लिहिले नव्हते. पण पहिला आकडा वगळायला हवा होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रात्री जेवताना त्यांनी बायकोला, प्रणिताला, सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "गूळ जरा जास्तच सांगा." सरांना ते पटलं. त्यांनी दहा-दहा किलोंच्या दहा ढेपी सांगितल्या आणि वर दोन ढेपी हाताशी म्हणून.

इथवर सगळं ठीक होतं. पण काकूंचा आनंद सरांनी हिशोबात धरलेला नव्हता. नवऱ्याने दोन महिने दुधी खाऊन वजन उतरवलं, या कौतुकाने त्या विरघळल्या. दुसऱ्याच दिवशी पुरणपोळी झाली. मग धपाटे आणि लोणी. एकसष्टीला पाहुणे यायला लागले तशी रोज पंगत उठू लागली, आणि प्रत्येक पंगतीला यजमान म्हणून अण्णा बसू लागले. घरचं जेवण कमी पडेल, या भीतीने बंकट संध्याकाळी स्टँडवरून गरम भजी कागदात गुंडाळून आणायचा, ते पूर्वीसारखं चालूच होतं.

तुलेच्या दिवशी शाळेच्या मैदानावर माणूस मावेना. वेल्डरने लोखंडी तिवई उभी करून तिला आडवी दांडी टांगली होती. दांडीच्या दोन्ही टोकांना साखळ्यांनी बांधलेल्या लाकडी फळ्या. सर सकाळीच आले. रिकामी पारडी त्यांनी स्वतः जोखली. एक बाजू जरा वर राहत होती, तिकडे विटेचा तुकडा बांधून पासंग काढला. दांडी पाण्यासारखी सपाट झाली. सरांचा जीव भांड्यात पडला आणि ते चहा प्यायला गेले.

ते परत आले तेव्हा बंकटने अण्णांचं पारडं सजवलेलं होतं. खाली गादी, गादीवर मखमल, मागे लोड, दोन्ही हातांशी दोन तक्के.

"बंकट, अरे हे काय केलंस? आता पासंग गेला की!"

"सर, अण्णांनी काय फळीवर बसायचं? नेता हाय का माल हाय?"

सर परत विटा शोधायला निघाले, पण ताशा वाजायला लागला होता. अण्णा आले. फेटा, उपरणं, आणि वाटेत प्रत्येक गावाने घातलेला हार. शिवाय बंकटने खास आणवलेला एक हार होता, जो उचलायला तिघं लागले. अण्णांचा चेहरा त्या सगळ्यातून जेमतेम डोळ्यांपुरता दिसत होता. ते बसले, साखळ्या कुरकुरल्या, पारडं जमिनीला टेकलं.

निवेदक माइकवर गरजला, "पारड्यात जे जे बसंल, ते समदं ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या वसतिगृहाला दान! बोला, अण्णांचा विजय असो!"

त्या वसतिगृहाच्या अध्यक्ष काकूच होत्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि आत्ता कुठे त्यांची नजर व्यासपीठावरच्या फ्लेक्सवर गेली होती. तिथे हात जोडलेल्या अण्णांच्या डोक्यावर हातभर आकडा होता: ९८.६.

एक ढेप पडली. दोन. पाच. दहावी ढेप पडली, टाळ्या वाजल्या आणि अण्णा जिथल्या तिथे. बंकटने हाताशी ठेवलेल्या दोन्ही ढेपी टाकल्या. दांडी नुसती हुंकारल्यासारखी हलली आणि थांबली. सरांनी एका ढेपेचं वजन हाताने अजमावून पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. 'दहाची ढेप' हे नुसतं बोलायचं नाव होतं. ती साडेनऊच्या वर नव्हती. आणि सगळ्याच तशा होत्या.

"सर!" काकूंचा आवाज ताशाच्या वर चढला. "तुमी एक्क्याण्णव म्हणलते ना? मंग वर अठ्ठ्याण्णव कावून लिवलंय? आन् इतका गूळ टाकून हे हालंना कावून?"

"काकू, दोन्ही आकडे एकाच उत्तराचे हायत..."

"एका माणसाची दोन वजनं असतेत का?"

आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मीठ आना रे, मीठ!" ते आप्पारावांच्या गावचं होतं. अण्णांनी हारांच्या फटीतून सरांकडे पाहिलं. त्या नजरेत फाईल होती.

सर पुढे धावले. "हार काढा! हारांचंच दहा-बारा किलो असंल. आन् तो लोड खाली घ्या."

"अण्णांच्या गळ्यातला हार काढायचा?" बंकट दोन पावलं मागे सरला. "कुण्या गावाचा काढू, तुमीच सांगा. ज्याचा काढीन ते गाव उद्या मत देईल का?"

याला उत्तर भौतिकशास्त्रात नव्हतं. गर्दीत पुन्हा मिठाची हाक उठली. बंकटला ती सहन झाली नाही. त्याने चपला काढल्या, "अण्णांचा विजय असो!" म्हणून आरोळी ठोकली आणि गुळाच्या ढेपींवर उडी मारून उभा राहिला.

गुळाचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. अण्णा एकदम वर गेले, इतके की त्यांचे पाय लोकांच्या डोक्यांच्या वर लोंबकळायला लागले. ताशा दुप्पट जोरात वाजला. साखळीला पीळ बसला होता. तो सुटू लागला तसे अण्णा सावकाश गोल फिरायला लागले आणि जनतेकडे पाठ करून थांबले.

"उतर आता," सर म्हणाले, आणि बंकटने पाय उचलताच अण्णा हातभर खाली आदळले.

"गुडघा!" अण्णा किंचाळले. "उतरू नको बे, बंकट्या! हालू नको!"

बंकट परत उभा राहिला. अण्णा परत वर गेले. दोघा कार्यकर्त्यांनी खालून त्यांचे पाय धरायचा प्रयत्न केला, तर अण्णांनी "सोडा, गुडघा सोडा!" असा आकांत केला, की ते पळाले. बंकट उतरू शकत नव्हता, अण्णा उतरू शकत नव्हते. निवेदकाला काही सुचेना, म्हणून त्याने काठीला बांधून माइक वर दिला. अण्णांनी सवयीने भाषण सुरू केलं, पण समोर शाळेची भिंत होती आणि तिच्यावर शौचालयाकडे जायचा बाण. दोन वाक्यांनंतर ते हळूच म्हणाले, "सर, मला खाली घ्या. तुमच्या फायलीवर उद्याच सही करतो." माइक चालू होता. साऱ्या मैदानाने ते ऐकलं.

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. गंमत अशी की आता त्यांना अगदी शांत वाटायला लागलं. हा प्रश्न त्यांच्या आवाक्यातला होता. "बंकट, तू हालू नको. खालून एकेक ढेप काढा. सावकाश."

एक ढेप निघाली. दुसरी. चौथीला दांडी कलली. सहावी काढली तसे अण्णा हलकेच तरंगत खाली आले आणि दोन्ही पारडी समोरासमोर येऊन थांबली. इकडे अण्णा, गादी, लोड, तक्के आणि गावोगावचे हार. तिकडे सहा ढेपी आणि त्यांच्यावर हात जोडून बंकट. दांडी सरळ रेषेत. इतकं अचूक तोलन सरांना प्रयोगशाळेतसुद्धा कधी जमलं नव्हतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चौघांनी अण्णांना हात देऊन उतरवलं. बंकटही उतरायला लागला, तेव्हा काकू उठल्या आणि त्यांनी निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"थांब. तू कुठं निघाला?"

"उतरतो की, काकू."

"पारड्यात जे बसंल ते वसतिगृहाला दान, असं आत्ताच म्हणलेत ना? सगळ्या गावानं ऐकलंय. सहा ढेपी आन् बंकट. अध्यक्ष म्हणून मी दान स्वीकारलं."

लोकांना वाटलं काकू गंमत करतायत. काकूंच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. अण्णांनी तोंड उघडलं, पण निम्म्या तालुक्यातली माणसं समोर बसलेली; दिलेलं दान परत मागणारा नेता म्हणून उद्या बोभाटा झाला असता. त्यांनी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवसापासून बंकट वसतिगृहाचं स्वयंपाकघर बघायला लागला, आणि संध्याकाळी स्टँडवरून भजी आणणारं कुणी राहिलं नाही.

अण्णांनी शब्द पाळला. फाईलवर सही झाली. सही करताना त्यांनी एकच अट घातली: "सर, ह्यापुढं माझ्या वजनाच्या वाटंला जायचं न्हाई."

सरांनी आनंदाने कबूल केलं आणि महिनाभर ती अट पाळली. मग एका संध्याकाळी काकू दारात आल्या. मागे रिक्षात नवा काटा.

"सर, चला. महिना झाला, भजी बंद हायत, आन् ह्यांचा सदरा काही ढिला होईना. तुमी मोजा. आता एकच आकडा सांगायचा."

"काकू, अण्णांनी मला अट घातलीय..."

"अण्णांची सही वर हाय, माझी खाली. सचिव कोण हाय संस्थेचं?"

काकूच होत्या. सरांनी काटा खांद्यावर घेतला. घरी अण्णा नव्हते. गड्याने सांगितलं, अण्णा वसतिगृहाच्या तपासणीला गेले आहेत. रोजच जातात, याच वेळेला.

काकूंनी सरांकडे पाहिलं. दहा वर्षांत अण्णांनी वसतिगृहाचा उंबरा दोनदा ओलांडला होता, दोन्ही वेळा फोटोसाठी.

वसतिगृहात दिवे लागले होते. सरांच्या आठवणीत तिथला व्हरांडा कायम अंधारा असायचा. आता प्रत्येक खांबाला दिवा होता. नळाला पाणी होतं, खिडक्यांना जाळ्या लागल्या होत्या. अण्णा रोज येत होते आणि त्यांना अंधारात, डासांत जेवता येत नव्हतं. व्हरांड्यात पोरांची पंगत बसली होती आणि पंगतीच्या टोकाला, गुडघे लांब करून, अण्णा. ताटात तुपाने चमकणारा गुळाचा शिरा. बंकट वाढत होता. काकूंना पाहून त्याच्या हातातली पळी तशीच राहिली.

"तपासणी चालू हाय," अण्णा म्हणाले. "पोरांना काय खायाला घालतेत, ते बघायला नको का?"

सरांनी काटा खाली ठेवला, रिकामा असताना सुई शून्यावर आहे याची नीट खात्री करून घेतली. अण्णा उठायच्या आधीच एक मुलगी उड्या मारत येऊन त्यावर चढली. सहावीतली ऋतुजा. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले.

"सर, माझं किती?"

सरांनी वाकून पाहिलं. "एकवीस."

"परत बगा," काकू म्हणाल्या. "एवढी लेक एकवीसची कशी असंल? तुमच्या काट्यात काही खोट असंल."

सरांनी मुलीला उतरवलं, सुई पाहिली, पुन्हा चढवलं. एकवीस. काटा उचलून सपाट फरशीवर ठेवला. एकवीस. मग तिच्या मागे उभा असलेला मुलगा चढला, त्याच्यामागची दोघं चढली. सगळेच आकडे असे, की सरांना ते मोठ्याने वाचवेनात.

"सर, कमी-जास्त किती धरायचं?" काकूंनी विचारलं.

"ह्यात नाही काकू," सर म्हणाले. "हे बरोबर आहे."

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. काकूंनी त्यांच्यासमोरचं ताट उचललं, त्यातला सगळा शिरा ऋतुजाच्या आणि शेजारच्या पोराच्या ताटात लोटला आणि पदर खोचला.

"बंकट, उद्यापासून शिरा रोज. तूप असंच पाहिजे, कमी करायचं न्हाई."

अण्णांचा चेहरा उजळला. "रोज?"

"लेकरांना," काकू म्हणाल्या. "तुमी दुधी घेऊन या घरून. तपासणी करत करत खा."